टिम-ऑनलाइन: जर्मनीतला छोटा ओढा नकाशावर नेमका गाठायचा असेल तर

ऱ्हाइन, माइन, एल्ब या नद्या कुठल्याही नकाशात सापडतात. पण दोन-चार मीटर रुंदीचा, वाटेत नाव बदलणारा, मध्येच शहराखाली गडप होणारा ओढा उगमापासून मुखापर्यंत पाहायचा असेल, तर मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे पुरत नाहीत. त्यांचा सगळा भर रस्ते, दुकानं आणि पत्त्यांवर असतो. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन (एनआरडब्ल्यू) राज्यातल्या ओढ्यांसाठी टिम-ऑनलाइन ही सरकारी नकाशासेवा या कामाला सर्वांत उपयोगी आहे. राज्याचं भूमापन सांभाळणारं कोलोनचं गेओबाझिस एनआरडब्ल्यू हे खातं ती चालवतं. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही, ब्राउझर उघडला की नकाशा समोर. तिच्या मर्यादाही ठळक आहेत आणि त्या माहीत नसतील तर निष्कर्ष हमखास चुकतात. म्हणून इथे ती ड्युसेल या ओढ्यावर तपासली आहे. नकाशाची परीक्षा घ्यायला इतका अवघड आणि इतका सुंदर ओढा दुसरा मिळणं कठीण.

ड्युसेल साधारण ४० किलोमीटर लांब आहे. व्युल्फ्राट शहराच्या हद्दीत ब्लोमराट इथे ती उगवते, ग्र्युटनवरून निआंडरटालच्या खोऱ्यात शिरते, एर्क्राट ओलांडते आणि गेरेसहाइमला ड्युसेलडॉर्फ शहरात येते. तिथे ती फुटते. एक फाटा उत्तर ड्युसेल, दुसरा दक्षिण ड्युसेल. पुढे उत्तर फाट्यातून किटेलबाख वेगळा होऊन कायझर्सवेर्थला ऱ्हाइनला मिळतो आणि दक्षिण फाट्यातून ब्र्युकरबाख निघून शहराच्या दक्षिणेला ऱ्हाइन गाठतो. म्हणजे एका ओढ्याला चार मुखं, आणि त्यांतल्या दोन मुखांवर ड्युसेल हे नावच नाही. ज्या ओढ्यावरून राज्याच्या राजधानीला, ड्युसेलडॉर्फला, नाव मिळालं, त्याचं मुख्य पात्र कुठलं हे नुसत्या नावावरून ठरवता येत नाही. चांगल्या नकाशासेवेने निदान हा गुंता स्वच्छ दाखवला पाहिजे. टिम-ऑनलाइन तो दाखवते, पण तिला प्रश्न नीट विचारावा लागतो.

पहिली चूक बहुतेकांची शोधखिडकीत होते. ती मुख्यतः पत्ते आणि गावांसाठी आहे, आणि ड्युसेल नावाचं गावही आहे, व्युल्फ्राटमध्येच, त्याच ओढ्याच्या काठी. शिवाय ड्युसेलष्ट्रासे, ड्युसेलडॉर्फर ष्ट्रासे अशा रस्त्यांचा तर सुळसुळाट. ओढ्याचं नाव टाकून जे पहिलं येईल त्यावर विश्वास ठेवू नये. त्यापेक्षा ओढ्याच्या काठचं एखादं ठाऊक ठिकाण टाकावं आणि तिथून निळी रेघ पकडून चालावं. ड्युसेलसाठी ग्र्युटन उत्तम. तिथल्या जुन्या वस्तीत 'क्लायनं ड्युसेल', म्हणजे धाकटी ड्युसेल, मोठीला येऊन मिळते. दोन्ही रेघा एकाच चौकटीत दिसल्या की कुठली कुठली याचा घोळ पुढे होत नाही. निआंडरटालचं नाव टाकताना आणखी एक अडचण आहे. खोऱ्याचं आजचं स्पेलिंग 'एच'शिवाय आहे, पण तिथलं रेल्वे स्थानक आणि संग्रहालय अजून जुन्या, 'एच' असलेल्या स्पेलिंगने लिहिलं जातं. १९०१ मध्ये जर्मन शुद्धलेखन ठरवताना 'टाल' या शब्दातला तो 'एच' गेला. त्याआधीच्या नकाशांवर आणि कागदपत्रांत तो असणारच. शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहावीत.

दिशेबद्दल एक आग्रह. ओढा मुखाकडून उगमाकडे पाहत जावा. उलटं गेलं की प्रत्येक संगमावर 'यातला खरा कुठला' असा प्रश्न पडत नाही, आणि शेवटी भलत्याच ओढ्याच्या मुखाशी पोहोचल्यावर चूक कुठे झाली ते शोधायला परत फिरावं लागतं. मुखाकडून वर गेल्यास प्रत्येक संगमाशी थांबून दोन्ही फांद्यांची नावं वाचणं भाग पडतं. ड्युसेलसारखा ओढा खालच्या अंगाला फुटत असेल तर चारही मुखांपासून स्वतंत्रपणे गेरेसहाइमपर्यंत यावं, मग तिथून एकच वाट उरते.

आता थर. पार्श्वभूमीला राज्याचे स्थलदर्शक नकाशे असतात आणि झूम केल्याबरोबर एकाची जागा दुसरा घेतो. दूरवरून १:१,००,०००, मग १:५०,०००, मग १:२५,०००, आणि सर्वांत जवळ अधिकृत पायाभूत नकाशा, जो जुन्या १:५,००० च्या नकाशाचा वारस आहे. हा बदल आपोआप होतो, म्हणून नवख्या माणसाला वाटतं की ओढा नाहीसा झाला. प्रत्यक्षात लहान प्रमाणाच्या नकाशात बारीक ओढे मुद्दाम वगळलेले असतात, नाहीतर नकाशा निळ्या रेघांनी भरून जाईल. नावांचंही तेच. निळ्या तिरक्या अक्षरांतलं नाव संपूर्ण पात्रभर छापत नाहीत, दर काही अंतरावर एकदाच येतं. एका झूमवर नाव दिसलं नाही तर एक पायरी मागे किंवा पुढे जाऊन पाहावं. तीन पायऱ्यांवर शोधूनही नाव नसेल तर त्या ओढ्याला नकाशात नावच नाही असं समजावं. असे निनावी ओहोळ शेकड्यांनी आहेत.

रेघेची जाडी पाहून रुंदी ठरवू नये. जर्मन स्थलदर्शक माहितीसंचात १२ मीटरपर्यंत रुंदीचा प्रवाह एका रेघेने दाखवतात, त्याहून रुंद असेल तरच दोन काठ आणि मध्ये निळा रंग. त्यामुळे दीड मीटरचा ओहोळ आणि दहा मीटरचा ओढा नकाशात सख्खे भाऊ वाटतात. खरी रुंदी हवाई छायाचित्रांच्या थरावर मोजावी. या राज्याची ती छायाचित्रं जमिनीवरच्या १० सेंटिमीटरला एक बिंदू इतकी बारीक आहेत. उघड्या कुरणातून वाहणारा ओढा त्यांत काठावरच्या दगडांसकट दिसतो. झाडीत मात्र हा थर आंधळा.

झाडीतल्या ओढ्यासाठी उंचीच्या प्रारूपाची छायाप्रतिमा लागते. विमानातून लेसरने जमीन मोजून बनवलेलं १ मीटर जाळीचं प्रारूप राज्याने खुलं केलं आहे, आणि त्यावर एका बाजूने उजेड पाडल्यासारखी करड्या रंगाची प्रतिमा डब्ल्यूएमएस सेवा (दुसरीकडचा नकाशा-थर आपल्या नकाशात जोडायची पद्धत) म्हणून मिळते. टिम-ऑनलाइनमध्ये बाहेरची डब्ल्यूएमएस सेवा जोडायची सोय आहे, तिथे या सेवेचा पत्ता टाकला की झालं. मग त्यावर नेहमीचा नकाशा निम्मा पारदर्शक करून ठेवावा. जंगलाखाली लपलेली घळ, जुना गिरणीचा पाट, बुजलेलं वळण, रस्त्याच्या भरावाने अडलेली नळी हे सगळं या प्रतिमेत जणू झाडं उपटून काढल्यासारखं उघडं पडतं. ड्युसेलच्या वरच्या भागात आणखी एक गोष्ट दिसते. व्युल्फ्राटच्या प्रचंड चुनखडीच्या खाणी. ओढ्याच्या नाजूक घळींशेजारी त्या इतक्या खोल आहेत की या मुलखात पाण्याची वाट ठरवण्यात माणसाचा हात किती मोठा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुटक निळी रेघ दिसली की थांबावं. ती दोन कारणांनी असते: पाणी बारमाही नसतं, किंवा ओढा नळीतून जमिनीखालून जातो. दोन्हींची चिन्हं वेगळी आहेत, पण पडद्यावर एकसारखी वाटतात, म्हणून चिन्हांची यादी उघडून खात्री करावी. ड्युसेलडॉर्फच्या जुन्या शहरात हा प्रश्न पावलोपावली येतो. उत्तर फाट्याचं तिथलं पात्र बरंचसं झाकलेलं आहे आणि बुर्गप्लाट्झजवळ, १२८८ च्या शहरदर्जाची आठवण म्हणून उभारलेल्या शिल्पापाशी, ते थोडं उघडं होतं. क्योनिग्सअले या नामांकित रस्त्याच्या मधोमध जो कालवा दिसतो, त्यातलं पाणीही ड्युसेलचंच. तो मात्र 'क्यो-ग्राबेन' या स्वतःच्या नावाने ओळखला जातो.

नावांकडे वळायचं तर एनआरडब्ल्यूमध्ये ओढ्याच्या नावाची शेपटी पाहून तो कुठल्या मुलखातला हे बऱ्याचदा ओळखता येतं. 'बाख' सगळीकडे. डोंगराळ बेर्गिशेस लांडमध्ये आखूड, तीव्र उताराच्या घळीतल्या ओहोळाला 'सीपेन' किंवा 'सीफेन' लावतात, आणि नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे हे नाव सापडतंच. उत्तरेकडच्या सखल भागात 'बेक', 'बेके'. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला सपाट जमिनीत 'फ्ल्योट' (इसुमर फ्ल्योट, गेल्डर्नर फ्ल्योट) आणि नदीच्या जुन्या सोडलेल्या पात्रांना 'केंडेल'. 'ग्राबेन' म्हणजे बहुधा खोदलेला चर, पण नेहमीच नाही. खोदकाम आहे की नैसर्गिक ओढा सरळ केला आहे ते जुना नकाशा पाहिल्याशिवाय ठरवू नये. नाव वाटेत बदलणंही नेहमीचं. वुपर नदी वरच्या अंगाला विपर म्हणून ओळखली जाते, विपरफ्युर्ट गावाच्या नावात ते रूप टिकलं आहे, तर खाली १९३० मध्ये एका शहराने वुपरटाल हे नाव घेतलं. आणि एकाच नावाचे अनेक ओढे हा तर रोजचा ताप. श्वार्त्सबाख राटिंगनकडून येऊन ड्युसेलडॉर्फच्या उत्तर टोकाला ऱ्हाइनला मिळतो, दुसरा गेल्झेनकिर्शेनला आहे, तिसरा ताउनुसमध्ये, चौथा त्स्वायब्र्युकनला. म्युलेनबाख किती आहेत ते विचारूच नये, जिथे गिरणी तिथे म्युलेनबाख.

इथे टिम-ऑनलाइन एकटी अपुरी पडते. तिच्या जोडीला राज्याच्या जलव्यवस्थापनाची एल्वास-वेब ही सेवा उघडून ठेवावी. तीही मोफत आहे. तिची मांडणी अभियंत्यांसाठी केलेली, त्यामुळे पहिल्या भेटीत थरांच्या यादीत हरवायला होतं. पण तिच्यात तीन गोष्टी आहेत ज्या दुसऱ्या कुठल्या नकाशात एकत्र मिळत नाहीत: ओढ्याचा अधिकृत क्रमांक, मुखापासून मोजलेले किलोमीटर आणि पाणलोट क्षेत्राची सीमा.

हा क्रमांक समजून घेण्यासारखा आहे. जर्मनीत प्रत्येक नदीखोऱ्याला पहिला अंक दिला आहे: डॅन्यूब १, ऱ्हाइन २, एम्स ३, वेझर ४, एल्ब ५, ओडर ६. त्यापुढे चार मोठ्या उपनद्यांना सम अंक, उगमाकडून मुखाकडे क्रमाने, आणि त्यांच्या मधल्या मुख्य नदीच्या तुकड्यांना विषम अंक. १ म्हणजे उगमाकडचा तुकडा, ९ म्हणजे मुखाकडचा शेवटचा. माइन २४, मोझेल २६. मोझेलच्या पुढचा ऱ्हाइनचा तुकडा २७, म्हणून त्या टापूतल्या सगळ्या उपनद्या २७ ने सुरू होतात: झीग २७२, एर्फ्ट २७४, रूर २७६, लिपे २७८. आता २७६८८ हा क्रमांक वाचा. २७६ म्हणजे रूरचं खोरं, २७६८ ही रूरला मिळणारी फोल्मे, २७६८८ ही फोल्मेला मिळणारी एनेपे. पाच आकड्यांत ओढ्याची सगळी वंशावळ. नाव विपर असो की वुपर, क्रमांक २७३६ बदलत नाही. श्वार्त्सबाखांचा गोंधळही एका झटक्यात मिटतो, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळा. ड्युसेलच्या फाट्यांची नोंदही अशीच वेगवेगळी लागते. कोणत्याही ओढ्याबद्दल लिहायचं, विचारायचं किंवा महापालिकेकडे अर्ज करायचा असेल तर नावापुढे हा क्रमांक लिहावा. समोरच्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

यात एकच सावधगिरी. क्रमांकाचे अंक ओढ्याच्या लांबीचा किंवा महत्त्वाचा क्रम सांगत नाहीत. जास्त आकडे म्हणजे तिथे खोऱ्याची विभागणी जास्त पायऱ्यांनी झाली आहे, एवढंच. वुपर थेट ऱ्हाइनलाच मिळते, तरी तिचा क्रमांक चार अंकी आहे.

लांबी मोजण्याचं साधन टिम-ऑनलाइनमध्ये आहे आणि सर्वांत जास्त फसवणूक तिथेच होते. १:२५,००० च्या झूमवर टिचक्या मारत गेलं तर वळणं कापली जातात. समजा एका वळणात पात्राची खरी लांबी ४० मीटर आहे आणि आपण टोकापासून टोकापर्यंत ३० मीटरची सरळ रेघ मारली. अशी २५ वळणं झाली की पाव किलोमीटर गेला. कुरणातल्या वळणावळणाच्या ओढ्यात हे अंतर एक-दोन किलोमीटरच्या आतच साचतं. म्हणून मोजायचं असेल तर सर्वांत जवळच्या झूमवर, छायाप्रतिमेवर, प्रत्येक वळणाला निदान तीन टिचक्या देऊन मोजावं. संपूर्ण ओढ्याची लांबी हवी असेल तर हा खटाटोप करूच नये. एल्वास-वेबमध्ये अधिकृत किलोमीटर दिलेले आहेत, शून्य मुखाशी आणि आकडे वर वाढत जातात. जुन्या लिखाणात दिलेली लांबी आणि आजची लांबी जुळली नाही तर लगेच कोणाला चूक ठरवू नये. मधल्या काळात पात्र सरळ केलं गेलं असेल, किंवा पुन्हा नैसर्गिक वळणांवर आणलं असेल, किंवा उगमाचा बिंदू वेगळा धरला असेल.

या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग जुन्या नकाशांचा आहे. १८०१ ते १८२८ दरम्यानचं ट्रांशो आणि फॉन म्युफ्लिंग यांचं सर्वेक्षण, १८३६ ते १८५० चं प्रशियाचं पहिलं सर्वेक्षण आणि १८९१ ते १९१२ चं नवं सर्वेक्षण, तिन्ही एकाच जागेवर आजच्या नकाशाखाली सरकवून पाहता येतात. निआंडरटालसाठी हे अमूल्य आहे. योआखिम नेआंडर (१६५०–१६८०) या धर्मगीतकाराच्या नावाने ओळखली जाणारी ही जागा एके काळी चुनखडीचे उंच कडे असलेली अरुंद घळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात खाणकामाने ती फोडून नेली. १८५६ मध्ये ज्या छोट्या फेल्डहोफर गुहेत निआंडरटाल मानवाची ती प्रसिद्ध हाडं सापडली, ती गुहा कड्यासकट नष्ट झाली आणि तिची नेमकी जागा १९९७ मध्ये उत्खनन करून पुन्हा शोधावी लागली. प्रशियाचं पहिलं सर्वेक्षण हाडं सापडण्याआधीचं आहे. ते आजच्या छायाप्रतिमेवर पारदर्शक करून ठेवलं की ड्युसेलच्या दोन्ही काठांवरून किती डोंगर गेला त्याचा अंदाज येतो. संग्रहालयाला भेट देणार असाल तर आधी हे पाहून जा, खोऱ्यात उभं राहिल्यावर समोरची मोकळी जागा वेगळीच दिसेल.

मात्र जुन्या नकाशांवरून मीटरांत निष्कर्ष काढू नयेत. ते हाताने काढलेले कागद आहेत, नंतर स्कॅन करून आजच्या जाळीवर ताणून बसवलेले. काही ठिकाणी ते सहज दहा-वीस मीटर सरकलेले असतात. ओढा आज २० मीटर पूर्वेला दिसतो म्हणून पात्र हललं असं म्हणण्याआधी जवळचं न हलणारं काहीतरी तपासावं, जसं जुनं चर्च किंवा दगडी पूल. तेही तितकंच सरकलेलं असेल तर दोष कागदाचा. उतार पहिल्या सर्वेक्षणात रेघांच्या छटांनी दाखवले आहेत, समोच्च रेषांनी नीट दाखवलेला उतार नव्या सर्वेक्षणात मिळतो. ट्रांशोच्या नकाशांचा भर ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर आहे, त्यामुळे उजव्या तीरावर आत कुठला ओढा शोधत असाल आणि तो थर कोरा दिसला तर त्यात बिघाड काही नाही.

निर्देशांकांचा एक सापळा. सेवा यूटीएम या जागतिक निर्देशांक-जाळीच्या पट्टा ३२ मधले आकडे देते: पूर्वेचा आकडा सहा अंकी, ड्युसेलडॉर्फच्या आसपास ३४ ने सुरू होणारा, उत्तरेचा सात अंकी. जुन्या अहवालांत आणि वाटाड्या पुस्तकांत गाउस-क्र्युगर या जुन्या जर्मन पद्धतीचे आकडे असतात, त्यातला पूर्वेचा आकडा सात अंकी आणि २५ ने सुरू होतो. दोन्ही मीटरांत असल्याने सारखेच वाटतात. पूर्वेचे अंक मोजले की पद्धत लगेच ओळखता येते.

आणि सीमा. टिम-ऑनलाइन या एका राज्याची आहे. ओढा हेसेन, नीडरझाक्सेन किंवा ऱ्हाइनलांड-फाल्त्समध्ये गेला की तिथल्या राज्याची सेवा उघडावी लागते, आणि थरांची नावं, जुन्या नकाशांची वर्षं सगळं बदलतं. बायर्नसाठी बायर्नआटलास आहे, आणि त्यातली जुन्या नकाशांतून कालक्रमाने मागे जाण्याची सोय टिमपेक्षा हाताळायला सोपी आहे, हे मान्य केलंच पाहिजे. संपूर्ण देश एका चौकटीत हवा तर बेसमॅप डीई हा सर्व राज्यांचा एकत्रित नकाशा चांगला, पण त्यात इतिहास नाही. केंद्रीय भूगोल-नावांची यादीही मोफत मिळते. ती १:२,५०,००० च्या प्रमाणावरून बनवलेली असल्याने छोटे ओढे तिच्यात शोधू नयेत.

पीडीएफ काढताना प्रमाण स्वतः निवडावं, पडद्यावरचं जसंच्या तसं घेऊ नये. प्रत्यक्ष ओढ्याकाठी फिरायला १:१०,००० पुरेसं आहे. ४० किलोमीटरची ड्युसेल एका कागदावर मावणार नाही, तिचे तुकडे करावे लागतील, आणि तुकडे करताना संगम कागदाच्या कडेला येऊ देऊ नयेत. राज्याची ही माहिती 'झीरो' परवान्याखाली खुली आहे, म्हणजे नकाशा छापून वाटायला, लेखात वापरायला, त्यावर स्वतःचं काम करायला परवानगी मागावी लागत नाही. तरीही नकाशाच्या कोपऱ्यात तारीख आणि थराचं नाव लिहून ठेवा. दोन वर्षांनी हवाई छायाचित्र बदललेलं असेल, तेव्हा आपण कुठलं पाहून लिहिलं होतं ते कळायला दुसरा मार्ग नसतो.